गणवेश – समतेचा की शिस्तीचा?

२०२५ च्या जुलैमधली गोष्ट. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत गणवेशवाटपाचा छोटासा कार्यक्रम होता. तिथल्या मुख्याध्यापिका माझी जुनी विद्यार्थिनी. तिचा फोन आला, "गुरुजी, तुम्हीच या. तुमच्या हातानं गणवेश द्यायचेत." निवृत्त शिक्षकाला असे बोलावणे म्हणजे पर्वणीच. मी धुवट पायजमा-सदरा चढवला, काठी घेतली आणि वेळेच्या आधी पाऊण तास जाऊन बसलो. मास्तरकीची ही खोड जात नाही.

पहिलीतल्या एका चिमुरडीला गणवेश दिला. तिने तो तिथेच अंगाला लावून पाहिला तर फ्रॉक घोट्यापर्यंत पोचला. मी म्हटले, "अहो, हा फार मोठा होतोय हिला." तिची आई लगबगीने म्हणाली, "ऱ्हाऊ द्या गुरुजी, वाढत्या अंगाचा हाय. तिसरीपतुर चालंल." सगळे हसले, मीही हसलो.

मग मला 'दोन शब्द' बोलायला सांगितले. असल्या प्रसंगी बोलायचे माझे एक ठरलेले वाक्य आहे. नोकरीच्या सदतीस वर्षांत ते किती वेळा म्हटले असेल, देव जाणे. "बाळांनो, गणवेशामुळे गरीब-श्रीमंत हा भेद नाहीसा होतो." त्या दिवशी ते वाक्य मी सुरू केले आणि 'गणवेशामुळे' या शब्दावरच अडकलो. मला पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीचा एक सदरा डोळ्यांसमोर दिसला. त्या सदऱ्याबद्दल पुढे सांगतोच. कसेबसे "खूप शिका, मोठे व्हा" म्हणून मी खाली बसलो. लोकांना वाटले, वय झाले, गुरुजी विसरले.

विसरलो नव्हतो. ते वाक्य खरे आहे का, हा प्रश्न पहिल्यांदाच मनापासून पडला होता. तो सोडवण्यासाठी जुने वाचलेले, पाहिलेले सगळे पुन्हा आठवून पाहिले. तेच आज इथे मांडतो आहे.

सुरुवात जरा लांबून करतो. शाळेच्या गणवेशाची जी जुनी उदाहरणे सांगितली जातात, त्यात लंडनच्या 'ख्राइस्ट्स हॉस्पिटल' या शाळेचे नाव पहिल्या ओळीत येते. नावात हॉस्पिटल असले तरी ती दवाखाना नव्हे, शाळाच. १५५२ साली, सहाव्या एडवर्ड राजाच्या काळात, लंडनमधल्या गरीब आणि पोरक्या मुलांसाठी ती निघाली. मुलांना लांब निळा कोट, कमरेला पट्टा आणि पायात पिवळे मोजे असा वेष मिळाला. ही शाळा आजही चालू आहे आणि तो वेषही जवळजवळ तसाच आहे. चार्ल्स लॅम आणि कोलरिज हे इंग्रजी साहित्यातले मोठे लेखक याच शाळेचे विद्यार्थी. या शाळेच्या धर्तीवर इंग्लंडमध्ये पुढे धर्मादाय शाळा निघाल्या, त्यांना लोक 'ब्लू कोट' शाळाच म्हणू लागले.

आता गंमत पाहा. हा निळा कोट समतेसाठी नव्हता. थंडीत मुलांच्या अंगावर कपडा असावा, हा त्यातला चांगला हेतू. पण त्याचबरोबर रस्त्याने जाणाऱ्याला 'हे दानधर्मावर वाढणारे पोर' हे लांबूनच कळत असे. म्हणजे ज्या वस्तूला आपण भेद पुसणारी म्हणतो, ती जन्माला आली तेव्हा भेद दाखवत होती. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या श्रीमंत निवासी शाळांनी आपापले गणवेश ठरवले, तेव्हा उलटेच झाले. कोट, टाय आणि टोपी ही मोठ्या घरच्या मुलांची खूण झाली. गणवेशाने गरिबाघरून निघून श्रीमंताघरी मुक्काम केला. आपल्याकडे इंग्रजी अमदानीत आला तो मुख्यतः हा दुसरा, श्रीमंताघरचा. एप्रिल-मेच्या उन्हात गळ्यात टाय अडकवून घामाघूम झालेली, खेड्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतली पोरे पाहिली की मला तो सारा प्रवास आठवतो.

मग आपल्याकडे आधी काय होते? मुले घरात जे घालत तेच घालून शाळेत येत. आणि आपल्या समाजात अंगावरचा कपडा हा नुसता कपडा कधीच नव्हता. पगडी कोणती, पागोटे कसे बांधले, धोतर कसे नेसले, लुगड्याचा काष्टा कसा, यावरून माणसाची जात आणि पत ओळखली जाई. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. शाळेत जाता-येता लोक सावित्रीबाईंवर शेणमाती टाकत, म्हणून त्या एक जादा लुगडे बरोबर नेत, ही आठवण आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. शाळेत पोचल्यावर खराब लुगडे बदलून त्या शिकवायला उभ्या राहत. मला वाटते, महाराष्ट्रातल्या शाळेच्या कपड्यांचा इतिहास लिहायचा तर सुरुवात त्या जादा लुगड्यापासून करायला हवी.

दुसरी आठवण आमच्या सातारा जिल्ह्याची. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाच्या मुलाचे नाव दाखल झाले. हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. त्या शाळेत बाबासाहेबांना बसायला स्वतःचे गोणपाट न्यावे लागे. शाळा झाडणारा शिपाईही त्याला हात लावत नसे, म्हणून ते गोणपाट रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. सगळ्या वर्गात ही एकच वस्तू वेगळी, आणि तीच सगळे काही सांगून टाकणारी.

बाबासाहेबांनी स्वतःच आणखी एक प्रसंग लिहून ठेवला आहे. १९०१ साली त्यांचे वडील खटाव तालुक्यात एका तलावाच्या दुष्काळी कामावर रोखपाल होते. वडिलांना भेटायला भीमराव आपल्या भावाभाच्यांबरोबर साताऱ्याहून निघाले. प्रवासासाठी मुद्दाम नवे कपडे केलेले. नवे सदरे, झगमगीत टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे. आगगाडीने ही मुले मसूर स्टेशनावर उतरली. घ्यायला कोणीच आलेले नव्हते. स्टेशनमास्तरांनी कपडे पाहिले, बोलणे ऐकले आणि ही चांगल्या ब्राह्मणाघरची मुले आहेत असे समजून आपुलकीने चौकशी केली. मुलांच्या तोंडून निघून गेले, आम्ही महार. स्टेशनमास्तर चटकन मागे सरले. त्यांचा चेहराच बदलला. मग एकही गाडीवान मुलांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार!

मी नोकरीच्या काळात मसूरवरून कितीतरी वेळा गेलो आहे. प्रत्येक वेळी वाटते, त्या दिवशी कपड्याने आपले काम चोख केले होते. ओळखूच आले नाही. पण ते किती वेळ? कोणी 'तुम्ही कोण?' असे विचारेपर्यंत. कपडा झाकतो, पुसत नाही. आपण शिक्षक मंडळी या दोन क्रियापदांत गल्लत करतो.

पुसण्याचे काम कसे करतात, तेही याच जिल्ह्यात पाहायला मिळाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीला जेवत. गांधीजींनी १९२७ साली त्याला 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असे नाव दिले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे साताऱ्यात आजही घराघरात सांगतात. अण्णांनी सुरुवात ताटापासून केली. कपडा नंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

तरी कपड्यानेही काही केलेच नाही असे मी म्हणणार नाही. १९२०-२१ च्या असहकार चळवळीत पांढरी गांधी टोपी आली आणि तिने महाराष्ट्राची डोकी काबीज केली. पगडी, पागोटे, पटका यांवरून जी ओळख पटे, ती त्या एका पांढऱ्या टोपीने बुजवली. पुढे ती टोपी खेड्यापाड्यातल्या शाळांत रुजली. मी पहिलीत गेलो ते साल १९५६. पांढरा सदरा, खाकी अर्धी चड्डी आणि डोक्यावर पांढरी टोपी. मुलींना निळा परकर आणि पांढरे पोलके. 'गणवेश' हा शब्द फक्त फळ्यावरच्या सूचनेत असे, बोलताना आम्ही 'डिरेस'च म्हणायचो.

खाकी हा शब्द 'खाक' म्हणजे धूळ, माती यावरून आला. इंग्रजांनी १८४० च्या दशकात पेशावरकडे जी गाईड्स पलटण उभारली, तिच्यापासून हा मातकट रंग फौजेत शिरला. पलटणीतून पोलिसांत, पोलिसांतून शाळेच्या पोरांत. मळखाऊ रंग आणि जाड ड्रिलचे कापड, म्हणून आयांना तो सोयीचा. आमच्या घरी वर्षाला एक जोड मिळे. दिवाळीचा नवा कपडा म्हणजे शाळेचाच डिरेस, वेगळे काही नाही. शिंपी माप घेताना आई बजावायची, "वाढत्या अंगाचा शिवा." पहिले वर्ष चड्डी गुडघ्याखाली, दुसरे वर्ष बरोबर, तिसऱ्या वर्षी मागे दोन गोल ठिगळे. आम्ही त्याला 'चष्मा' म्हणायचो. इस्त्रीसाठी तांब्यात निखारे घालायचे, नाहीतर घडी घालून रात्री उशाखाली. १९६४ साली सरकारने गिरण्यांना ठराविक प्रकारचे जाडेभरडे कापड बांधून दिलेल्या भावात काढायला लावले. धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि ड्रिल. त्याला लोक 'कंट्रोलचे कापड' म्हणत. शाळेतल्या पोरांचे डिरेस त्यावरच निघाले. म्हणजे ड्रिल आणि शर्टिंग स्वस्त मिळाले म्हणून गणवेशाची सक्ती खेड्यात थोडीफार झेपली. नियम कागदावर असतो, पण तो झेपतो की नाही हे कापडाच्या भावावर ठरते.

आता त्या सदऱ्याकडे येतो.

१९७२ साल. मी बावीस वर्षांचा, नोकरीचे दुसरे वर्ष, माण तालुक्यातली एक शाळा. गावाचे आणि शाळेचे नाव सांगत नाही. बहात्तरच्या दुष्काळाबद्दल नव्या पिढीला कितीही सांगितले तरी कमीच. विहिरी कोरड्या, जनावरे बाजारात मातीमोल, बायाबापड्या खडी फोडायला आणि तलावाच्या कामावर. रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी, पोरांना सुकडी. अशात शाळेची तपासणी लागली. साहेब येणार म्हटल्यावर हेडमास्तरांनी हुकूम काढला, उद्यापासून डिरेसशिवाय एकही मूल वर्गात दिसता कामा नये. हे पाहण्याचे काम मी नवा, तरणा, म्हणून माझ्यावर आले. मला त्यात काही वावगे वाटले नाही. उलट शिस्त लावण्याचा हुरूप होता.

सातवीतला एक मुलगा आला. चड्डी खाकीच होती, विटलेली. सदरा पांढरा होता, पण मदतीच्या पिठाची कापडी पिशवी उसवून त्याच्या आईने तो हाताने शिवला होता. पाठीवर परक्या अक्षरांचे निळे ठसे होते, धुऊनही न गेलेले. वर्गातली पोरे हसली. मी रागावलो नाही, मारले तर मुळीच नाही. एवढेच म्हणालो, "अरे, हा सदरा चालणार नाही. उद्या नीट सदरा घालून ये." तो काही बोलला नाही. पाटी-दप्तर उचलून गेला.

उद्या तो आला नाही. परवाही नाही. तपासणी झाली, साहेबांनी शेरेबुकात शिस्तीचे कौतुक लिहिले. वीसेक दिवसांनी मला त्या मुलाची आठवण झाली आणि मी त्याच्या घरी गेलो. घरी फक्त म्हातारी होती. तिने तलावाच्या कामाकडे हात केला. तिथे तो आईबरोबर पाट्या वाहत होता. अंगात तोच सदरा. मी त्याच्या आईला म्हटले, "बाई, पोराला शाळेत धाडा. हुशार आहे." ती डोईवरची पाटी न उतरवताच म्हणाली, "गुरुजी, सदरा न्हाई तर येऊ नगं म्हनलासा न्हवं? आता हितं त्येला कुनी सदरा इचारत न्हाई." मी म्हटले, आता नियम नाही, तसाच येऊ दे. ती म्हणाली, "बगू." पोरगा माझ्याकडे पाहतही नव्हता.

तो परत आला नाही. नियमाप्रमाणे काही महिन्यांनी माझ्याच हाताने मी जनरल रजिस्टरला शेरा लिहिला : 'सतत गैरहजर, सबब नाव कमी केले.' कारणाच्या रकान्यात लिहिले, 'दुष्काळ'.

उद्या कोणी अभ्यासक येईल, बहात्तरच्या दुष्काळात किती मुलांची शाळा सुटली ते जुन्या रजिस्टरांवरून मोजेल. माझा तो शेरा तो दुष्काळाच्या खात्यावर मांडेल, आणि ते पूर्ण खोटेही नसेल. दुष्काळ नसता तर आईने सदरा विकत घेतलाच असता. पण रजिस्टरात जे लिहिले नाही, ते मला माहीत आहे. त्या दिवशी दुष्काळ दारात नव्हता, दारात मी उभा होतो. बाबासाहेबांच्या वेळी गोणपाटावर का होईना, बसायला तरी दिले होते. मी पिठाच्या पिशवीला वर्गात घेतले नाही.

त्यानंतर माझी नोकरी सुरळीत झाली, बी.ए. झालो, मुख्याध्यापक झालो. पण एक सवय लागली. हजेरीपट वाचायची. मुले का येत नाहीत, हे हजेरीपट सांगतो, फक्त वाचता आले पाहिजे. ज्या मुलांकडे एकच जोड, त्यांची गैरहजेरी आषाढ-श्रावणात वाढलेली दिसे. कारण साधे आहे. धुतलेला सुती डिरेस झडीत वाळत नाही. ओला घालून आले तर थंडी-ताप, दुसरा घातला तर गुरुजींचा धाक, म्हणून घरीच. पुढे टेरिकॉट आले. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानंतर कृत्रिम धाग्याचे कापड हळूहळू गरिबाच्याही आवाक्यात आले. रात्री धुतले की सकाळी वाळते, इस्त्रीची कटकट नाही. सुती कापडाचे गोडवे गाणारे आम्ही खादीप्रेमी शिक्षक टेरिकॉटला नावे ठेवायचो. पण माझ्या शाळेचा पावसाळ्यातला हजेरीपट सुधारला तो आमच्या भाषणांनी नाही, टेरिकॉटने. हे मान्य करायला हवे.

मग सरकारी योजनांतून मोफत गणवेश येऊ लागले. ते सगळ्यांना नव्हते. काही मागासवर्गीय मुलांना, काही दारिद्र्यरेषेखालच्यांना, काही ठिकाणी मुलींना. हेतू चांगलाच होता, पण वाटप कसे व्हायचे? प्रार्थनेनंतर सगळी शाळा बसलेली असताना आम्ही यादी वाचायचो. यादीच्या डोक्यावर प्रवर्ग. नाव पुकारले की मूल उठून पुढे यायचे आणि बाकीची शाळा पाहायची. ज्या कपड्याने भेद झाकायचा, तो देतानाच आम्ही भेद मोठ्याने वाचून दाखवत होतो. मला हे अनेक वर्षे खटकलेही नाही.

खटकले ते आमच्या गावच्या शिंपीमामांना. शाळेचे कपडे तेच शिवत. एकदा वाटपाला ते बाजूला उभे होते. कार्यक्रम झाल्यावर मला म्हणाले, "गुरुजी, रागावू नका, पन नावं कशाला वाचता? मापं वाचा की." मला आधी कळलेच नाही. ते म्हणाले, "मापं समद्या शाळंची घ्या. मग 'बावीस नंबर, चोवीस नंबर' म्हनून पोरं आत बोलवा. कुनाला फुकट, कुनाचं पैशाचं, ते तुमच्या वहीत ऱ्हाऊ द्या." त्या वर्षापासून आम्ही तसेच केले. ज्यांना योजना लागू नव्हती त्यांच्या पालकांकडून कापडाचे पैसे आधीच, गुपचूप घेतले. काहींचे आम्ही शिक्षकांनी घातले. सगळ्या पोरांना एकाच ताग्यातले कापड, एकाच खोलीत, एकाच दिवशी. सदतीस वर्षांच्या नोकरीत अनेक शिबिरे केली, प्रशिक्षणे केली. समतेचा सगळ्यात उपयोगी धडा मला चौथी पास शिंपीमामांनी दिला.

मी २००८ साली निवृत्त झालो. त्यानंतरचे मी बाहेरून पाहिले. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सरकारी शाळेतल्या मुलाला पुस्तकांबरोबर गणवेशही मिळाला पाहिजे, ही गोष्ट नियमांत आली. कृपा गेली, हक्क आला, हे फार मोठे पाऊल होते. तरीही केंद्राच्या निधीतून दोन जोड मिळत ते सगळ्या मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालच्या मुलग्यांना. बाकीचे मुलगे बाकावर बसून पाहत. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली उरलेल्या मुलग्यांनाही मोफत गणवेश देण्याचे ठरवले, तेव्हा कुठे वर्गातली ती रेघ पुसली गेली.

आणि मग आले 'एक राज्य, एक गणवेश'. साऱ्या राज्याला एकच आकाशी सदरा आणि गडद निळी चड्डी किंवा पँट, कापड वरून येणार, शिलाई बचत गटांकडून. २०२४ च्या जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा अनेक शाळांत गणवेश पोचले नव्हते. जे पोचले त्यांच्या मापांच्या तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरला आणि गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. मला यात कोणाला दोष द्यायचा नाही. एवढेच दिसते की रंग एक करणे सोपे असते. अवघड असते ते माप, आणि माप घ्यायला मुलाजवळ जावे लागते.

हा वाद आपल्यापुरताच आहे असे नाही. अमेरिकेत 'पब्लिक स्कूल' म्हणजे खरोखरच सरकारी शाळा, आपल्यासारखी महागडी नव्हे. तिथे अशा शाळांत बहुधा गणवेश नसे. १९९४ साली कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच या शहराने आपल्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत तो सक्तीचा केला. कारण तिथे गुंडांच्या टोळ्या कपड्यांच्या रंगांवरून ओळखल्या जात आणि महागड्या जाकिटांवरून मुलांत मारामाऱ्या होत. १९९६ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी अमेरिकी संसदेपुढच्या भाषणात गणवेशाची बाजू घेतली. तिथे प्रश्न सुरक्षिततेचा होता. आपल्याकडे २०२२ साली कर्नाटकात हिजाबवरून प्रश्न पेटला. मार्च महिन्यात उच्च न्यायालयाने गणवेशाच्या बाजूने निकाल दिला, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही आणि प्रकरण मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे गेले. कायद्याचा आणि धर्माचा कीस काढण्याची माझी योग्यता नाही. पण टीव्हीवर बंद फाटकाबाहेर दप्तर घेऊन उभ्या राहिलेल्या मुली पाहिल्या, आणि मला दुसरे काही सुचेना. फाटकाशी उभे राहण्याचे काम मी एकदा केलेले आहे.

तर मंडळी, मग गणवेश असावा की नसावा?

असावा, असे माझे मत आहे. तो नसेल तर वर्ग पुन्हा बाजाराचा आरसा होतो. कोणाचे बूट कोणत्या कंपनीचे, कोणाच्या सदऱ्यावर कोणते चित्र, हे रोज मोजले जाते, आणि लहान मुलांना ते मोठ्यांपेक्षा जास्त लागते. एका रंगाचा कपडा तेवढा वेळ तरी ही मोजणी थांबवतो. मसूरच्या स्टेशनावर मिळाला तेवढा, चार घटकांचा का होईना, निवांतपणा मुलाला देतो. त्या चार घटकांत शिक्षकाने पुढचे काम करायचे असते. पंगत एकत्र बसवायची, बाक एकत्र, खेळ एकत्र. ते काम कपडा करत नाही.

पण दोन अटी. एक, ज्याने सक्ती करायची त्याने कपडा द्यायचा, आणि देताना नाव वाचायचे नाही, माप वाचायचे. दुसरी, गणवेश नाही म्हणून एकाही मुलाला दारातून परत पाठवायचे नाही. शिस्त मोडली तरी चालेल, तपासणीत शेरा वाईट आला तरी चालेल. शेरेबुके कालांतराने रद्दीत जातात. जनरल रजिस्टर मात्र कायम जपून ठेवायचे असते.

तो मुलगा आज असेल तर पासष्टीचा असेल. कुठे आहे, मला माहीत नाही. मी त्याला शोधायचा प्रयत्न कधी केला नाही, हेही इथे सांगून टाकतो. धाडस झाले नाही.

पुढच्या वर्षी मुख्याध्यापिकेने पुन्हा बोलावले तर मी 'दोन शब्द' बोलणार नाही. टेप घेऊन जाईन आणि पहिलीच्या मुलांची मापे घेत बसेन. वाढत्या अंगाची, पण घोट्याच्या वर.